नाकाची सर्जरी : पॅकेजपलीकडचा खर्च

नाकावरचा उंचवटा काढायचा, शेंडा बारीक करायचा किंवा बसकं नाक उभं करायचं, तर मुंबई-पुण्याच्या खासगी रुग्णालयांत साधारण १ ते अडीच लाख रुपये लागतात. उंचवटा उतरवणं त्यातल्या त्यात सोपं. नाक उभं करायला मात्र कूर्चा लागते. ती शक्यतो नाकाच्या मधल्या पडद्यातूनच घेतात. तिथे पुरेशी नसली तर कानातून, आणि ऑपरेशन दुसऱ्यांदा असेल तर अनेकदा बरगडीतून. बरगडीला हात लावला की वेळ वाढतो, दुखणं वाढतं आणि बिलही. हल्ली हाड कापायला पिएझो यंत्र वापरतात, त्याने आजूबाजूच्या मऊ भागाला इजा कमी होते. त्याचे पैसे पॅकेजमध्ये धरलेत का, ते विचारा.

लोक फसतात ते जीएसटी आणि विम्यात. निव्वळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी आहे. करासकट आकडा विचारला नाही, तर १ लाख २० हजारांचं पॅकेज बिलात १ लाख ४१ हजार ६०० होतं. जन्मजात व्यंग किंवा अपघाताची दुखापत दुरुस्त करायची असेल तर हा कर लागत नाही. रूपासाठीचा खर्च विमाही देत नाही. पण पडदा वाकडा असल्याने, म्हणजे घरोघरी ‘नाकाचं हाड वाढलंय’ म्हणतात त्यामुळे, श्वास अडत असेल तर तेवढ्या भागाचा दावा मंजूर होऊ शकतो. अनेक पॉलिसींत त्याला दोन वर्षांचा प्रतीक्षा काळ असतो. दोन्ही कामं एकाच वेळी करणार असाल तर अंदाजपत्रकं वेगवेगळी आणि लेखी घ्या. रूपाचा खर्च श्वासाच्या नावावर दाखवू देऊ नका. उघड झालं तर पूर्ण दावा जाऊ शकतो.

ऑपरेशनऐवजी नाकात फिलर भरण्याचं इंजेक्शन स्वस्त पडतं, पण बहुधा वर्ष-दीड वर्षात विरघळतं. ते रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरते, क्वचित दृष्टीही जाते. पार्लरमध्ये ते अजिबात घेऊ नका.

नाकावरची पट्टी आठवडाभरात निघते, शेंड्याची सूज पुरती ओसरायला मात्र वर्ष लागतं. म्हणून दुरुस्तीचा निर्णय बहुधा वर्षानंतरच होतो. तशी वेळ आली तर सर्जन फी घेणार का, थिएटर आणि भूलतज्ज्ञाचे पैसे कोण भरणार, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी लिहून घ्या.