तारा काढल्यानंतरचे दात आणि कॉफी

दातांच्या तारा निघाल्या म्हणजे उपचार संपला, असा समज अनेक घरांत आढळतो. प्रत्यक्षात दात नव्या जागी रुजावयाचे बाकी असते. मूळ आणि जबड्याचे हाड यांना जोडणारे तंतू पुन्हा जुळण्यास साधारण ३ ते ४ महिने लागतात. हिरडीतील लवचिक तंतूंना तर १ वर्षाहूनही अधिक काळ लागू शकतो. तोवर हे ताणलेले तंतू दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. रिटेनर देण्याचे कारण हेच होय.

हेब्बाळमध्ये राहणाऱ्या कुटुंबांत दिवसाचा आरंभ फिल्टर कॉफीने होतो. तेव्हा कॉफीमुळे दात मागे सरकतात काय, ही शंका स्वाभाविक आहे. कॉफी स्वतः दात सरकवते, असा माणसांबाबत ठोस पुरावा नाही. उंदरांवर काही प्रयोग झाले आहेत. परंतु त्यांवरून आपल्या घरच्या दोन पेल्यांचा निर्णय करता येत नाही.

खरी हानी आडमार्गाने होते. पारदर्शक रिटेनर उष्णतेने मऊ होणाऱ्या प्लॅस्टिकचा असतो. तो तोंडात ठेवून वाफाळती कॉफी घेतल्यास त्याचा आकार बिघडू शकतो, आणि बिघडलेला रिटेनर दात धरून ठेवीत नाही. शिवाय साखर-दुधाची कॉफी त्याखाली साचून दात किडतात. डाग पडतात ते वेगळेच. म्हणून कॉफीपूर्वी रिटेनर काढावा, नंतर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी व तो पुन्हा बसवावा.

मात्र कॉफी घोटाघोटाने, गप्पांसह लांबते. दिवसातून चार वेळा अर्धा-अर्धा तास रिटेनर बाहेर राहिला, तर केवळ कॉफीपायी दोन तास जातात. जेवणाचा वेळ निराळाच. सुरुवातीच्या महिन्यांत, दिवसभर रिटेनर वापरण्यास सांगितले असताना, ही तूट लहान नव्हे. कॉफी शक्यतो जेवणाखाण्यासोबतच घ्यावी.

दर्शिनीत उभ्याने कॉफी घेताना रिटेनर कागदी रुमालात गुंडाळू नये. तो उष्ट्यासह टोपलीत जातो. डबी जवळ बाळगावी. रिटेनर गरम पाण्याने धुऊ नये, उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत ठेवू नये.

दातांमागे चिकटवलेल्या तारेला कॉफीच्या उष्णतेचा विशेष धोका नाही. तिच्याभोवती कीटण मात्र साचते, म्हणून तेथे ब्रश काळजीपूर्वक फिरवावा.

रिटेनर एकाएकी घट्ट वाटू लागला, तर दात हलले असण्याची शक्यता असते. अजिबात बसत नसल्यास जोराने दाबू नये. तो हरवला वा तुटला, तरी पुढील नेमलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात दंतवैद्यांना दाखवावे.