आयुर्विमा मोडण्यापूर्वीं

सोलापूर जिल्ह्यांत परतीच्या पावसानें दगा दिला व रब्बीची ज्वारी बुडाली, म्हणजे कास्तकाराच्या मनांत आयुर्विमा मोडण्याचा विचार येतो. परंतु बचतीची पॉलिसी मोडल्यास सर्व हप्ते परत येत नाहींत. मिळते ती सरेंडर व्हॅल्यू, व ती आरंभींच्या वर्षांत फार अल्प असते. नवी पॉलिसी हातीं आल्यापासून ३० दिवसांत परत केल्यास मात्र किरकोळ कपातीनें पैसे मिळतात. नड तात्पुरती असल्यास पॉलिसीवर कर्ज काढावें, अथवा नियमांत बसत असेल तर पुढील हप्ते थांबवून ती कमी रकमेची 'पेड-अप' करावी. मोडणेंच झाल्यास मूळ पॉलिसी व अर्ज शाखेंत देऊन पोंच घ्यावी. घरावर कर्ज असतां कर्त्याच्या पश्चात् विमाच आधार होतो, हें आम्ही वाचकांस आवर्जून सांगतों.