गोसाईंकुंडाची वाट

कळसूबाईचे शिखर तुमच्यापैकी काहींनी चढले असेल. महाराष्ट्रात त्याहून उंच शिखर नाही. त्याची उंची सुमारे ५,४०० फूट. आता मनात आणा, त्याच्या अडीच पटींहून जास्त उंचीवर एक तळे आहे! नेपाळमधले हे गोसाईंकुंड. उंची सुमारे १४,३७० फूट.

लोक त्याची कथा सांगतात. समुद्रमंथनातून विष निघाले. जग वाचवायला शंकराने ते पिऊन टाकले. घशाची आग आग झाली. तेव्हा त्याने डोंगरात त्रिशूळ मारला, आणि गार पाणी उसळले. तेच हे कुंड. त्याचे पाणी खाली त्रिशूली नदीला मिळते.

श्रावणी पौर्णिमेला, म्हणजे आपल्या राखीच्या दिवशी, तिथे मोठी जत्रा भरते. लोक कुंडात स्नान करतात, जानवे बदलतात.

वाट धुंचे गावाहून चढते. आधी दाट रान लागते. त्यात गुरांसाची झाडे. वसंतात ती लाल फुलांनी भरतात. वर जावे तशी झाडे खुजी होतात. शेवटी फक्त गवत आणि दगडधोंडे. दर हजार फुटांना हवा सुमारे दोन अंशांनी गार होते. म्हणून हिवाळ्यात कुंड गोठते.

थंडी दिसते, पण खरा धोका दिसत नाही. तिथे हवा विरळ असते. आपल्याला एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त तिथे मिळतो. घाईने चढणाऱ्याचे डोके दुखते, ओकारी येते. नेपाळी लोक म्हणतात, ‘लेक लागली’. त्यांच्या भाषेत लेक म्हणजे उंच डोंगर, बरं का!

हा देवाचा कोप नव्हे. शरीराला सवय व्हायला वेळ लागतो, इतकेच. धुंचे साडेसहा हजार फुटांवर आहे. तिथून दोन दिवसांत कुंड गाठू पाहणारा जीव धोक्यात घालतो. दहा हजार फुटांच्या वर रोजचा मुक्काम दीड हजार फुटांहून जास्त चढवू नये. डोके दुखू लागले, तर आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा माणूस भलतेच बोलू लागला, तर त्याला लगेच खाली आणावे. रात्र असली तरी थांबू नये. एकट्याला पाठवू नये.

‘इतक्या लांब आलो, दर्शनाशिवाय कसं परतू?’ असे मन म्हणेल. त्याला सांगा, कुंड कुठे जात नाही. जीव राहिला, तर पुढच्या श्रावणात पुन्हा येता येईल.

प्रश्न :
१. गोसाईंकुंडाचे पाणी कोणत्या नदीला मिळते?
२. ‘लेक लागणे’ म्हणजे काय?
३. सोबतीचा तोल जाऊ लागला, तर तुम्ही काय कराल?