मुलाबाळांसह नेदरलँड्सला: पहिल्या तीन महिन्यांची कृती

कंपनीचं पत्र हातात पडलं, व्हिसाचं काम सुरू झालं, आणि घरात एक बालवाडीतलं, एक दुपट्यातून नुकतंच सुटलेलं. आता आधी काय करायचं? बसा टेबलाशी, कागद पसरा, एकेक करत जाऊ. फक्त क्रम मोडू नका. तिथे पत्त्याशिवाय नोंदणी नाही, नोंदणीशिवाय नंबर नाही, नंबराशिवाय विमा नाही, आणि विम्याशिवाय डॉक्टरकडे नाव घालताना तोंड वेडंवाकडं होतं.

साहित्य: सगळ्यांचे पासपोर्ट, मुलांचे मूळ जन्मदाखले, लग्नाचा दाखला, लसीकरणाची कार्डं, घराचा करार, एक जाड फाइल आणि भरपूर खाऊ.

निघण्याआधी

१. जन्मदाखल्यावर मुलाचं नाव छापलंय का ते बघा. बारशाच्या आधी काढलेल्या दाखल्यावर ती जागा रिकामीच असते आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. रिकामी असेल तर महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन नाव घालून नवा दाखला घ्या. दाखल्यावरचं आणि पासपोर्टवरचं स्पेलिंग अक्षरशः एकच हवं.

२. जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला अपोस्टील करून घ्या. आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील, असा क्रम. डच कचेऱ्यांना इंग्रजी कागद चालतात, म्हणून मराठी-इंग्रजी दाखला असेल तर भाषांतराची भानगड नाही. दाखला प्रेमाने लॅमिनेट करून ठेवला असेल तर नवा काढा. प्लॅस्टिकवर शिक्का मारत नाहीत.

३. बालरोगतज्ज्ञांकडून लसीकरणाची यादी इंग्रजीत लिहून घ्या. प्रत्येक लसीपुढे तारीख हवी. कार्डावर नुसतं ब्रँडचं नाव असेल तर ती लस कोणत्या आजाराची तेही लिहायला सांगा.

४. घरमालकाला एकच प्रश्न लेखी विचारा: ‘या पत्त्यावर आम्हा चौघांची नगरपालिकेत नोंदणी करता येईल ना?’ थोड्या दिवसांसाठी मिळणाऱ्या बऱ्याच घरांवर ती करता येत नाही. उत्तर गोलमोल आलं तर घर कितीही देखणं असो, अनामत भरू नका.

५. नोंदणीची वेळ भारतातूनच ठरवून ठेवा. चार महिन्यांहून जास्त राहणाऱ्याने पोचल्यापासून ५ दिवसांत नोंदणीला जायचं असतं, आणि मोठ्या शहरांत तारखा पटापट भरतात. अ‍ॅमस्टरडॅम, अ‍ॅमस्टेलव्हेनकडे जात असाल आणि नोकरी उच्चकुशल कामगारांच्या परवान्यावर असेल, तर कंपनीला ‘इन अ‍ॅमस्टरडॅम’ या कचेरीतली वेळ घ्यायला सांगा. तिथे नोंदणी आणि राहण्याचा परवाना ही दोन्ही कामं एका फेरीत होतात.

६. कुकरच्या बुडाला फ्रिजवरचं चुंबक लावून बघा. चिकटलं तर कुकर बॅगेत. घसरून खाली पडलं तर इथेच ठेवा, कारण तिकडे बऱ्याच घरांत इंडक्शनची शेगडी असते आणि साध्या अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तिच्यावर ढिम्म तापत नाही. मिक्सर खुशाल न्या, विजेचा दाब आपल्यासारखाच असतो. पिन मात्र वेगळी. अर्थिंग असलेला अडॅप्टर बघून घ्या.

७. खाऊच्या बॅगेतून तूप, पेढे, बर्फी, खवा बाहेर काढा. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. आंबे आणि कढीपत्ताही नको. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, सुकी चटणी बिनधास्त भरा. आजीला हे आधीच समजावून सांगा, नाहीतर निघायच्या रात्री तुपाची बरणी हळूच बॅगेत जाते.

८. कागदांची फाइल हातातल्या बॅगेत ठेवा. मोठ्या बॅगेत कधीच नाही.

पहिला आठवडा

९. पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी मुलांना उजेडात बाहेर काढा. ती पहाटे तीनला टक्क जागी होणार, हे धरूनच चला. भारतात तेव्हा सकाळचे साडेसहा-साडेसात वाजलेले असतात. खायला द्या, खेळू द्या, पण दुपारी तासाभराहून जास्त झोपू देऊ नका.

१०. पहिली फोडणी घालण्याआधी धुराचा अलार्म कुठे आहे ते शोधा. तिथे प्रत्येक घरात मजल्यागणिक तो असावाच लागतो. एक्झॉस्ट लावा, खिडकी उघडा, मग मोहरी टाका. अलार्म वाजलाच तर घाबरू नका, पण काढूनही ठेवू नका.

११. नोंदणीला सगळे मिळून जा. तान्ह्या बाळासकट प्रत्येकाने समक्ष हजर राहायचं असतं. मूळ दाखले, पासपोर्ट, घराचा करार बरोबर घ्या. झेरॉक्सवर भागत नाही.

१२. प्रत्येकाचा बीएसएन वेगळा लिहून घ्या. हा नऊ आकडी नंबर मुलांनाही मिळतो, आणि डॉक्टरपासून शाळेपर्यंत प्रत्येक जण आधी तोच मागतो.

१३. त्याच संध्याकाळी डिजिडीसाठी अर्ज करा. सरकारी संकेतस्थळांवर शिरायची ही किल्ली. ती चालू करायचा कोड साध्या टपालाने घरी येतो आणि त्याला मुदत असते, म्हणून पत्रपेटी रोज उघडा. एरवीही महत्त्वाचं सगळं तिथे टपालानेच येतं. डच भाषेतलं पाकीट जाहिरात समजून फेकू नका.

१४. बँकेत खातं उघडा. पगार, भाडं, विमा, सगळं त्यातूनच जाणार.

१५. आरोग्यविमा घ्या. मुदत ४ महिन्यांची असली तरी थांबून पैसे वाचत नाहीत. विमा बंधनकारक झाल्या दिवसापासूनचा हप्ता मागाहून भरावाच लागतो. मोठ्यांच्या पॉलिसीत वर्षाला किमान ३८५ युरोपर्यंतचा उपचारखर्च आधी आपल्या खिशातून जातो. फॅमिली डॉक्टरची भेट त्यात धरत नाहीत.

१६. त्याच पॉलिसीत मुलांची नावं घाला. १८ वर्षांखालच्यांना हप्ता नाही, पण नावं आपोआप चढत नाहीत.

१७. घराजवळच्या हाउसआर्ट्सकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, सगळ्यांची नावं घाला. मूल आजारी पडायची वाट बघू नका. बरेच दवाखाने नवे पेशंट घेत नाहीत. एकाने नाही म्हटलं की पुढच्याला फोन लावा.

१८. तीन गोष्टी कागदावर लिहून फ्रिजवर लावा: हाउसआर्ट्सचा नंबर, रात्री नि सुट्टीच्या दिवशी चालणाऱ्या केंद्राचा नंबर, आणि ११२. रात्रीच्या केंद्रात थेट जाऊन उभं राहायचं नाही, आधी फोन. तिथे बालरोगतज्ज्ञाकडे परस्पर जाता येत नाही, आणि साध्या तापाला पॅरासिटामॉल देऊन वाट बघायला सांगतात. आपल्याकडच्या अँटिबायोटिकची सवय असलेल्या आईबापांना हे जड जातं. तरी मूल मलूल वाटत असेल, पाणी पीत नसेल, लघवी कमी झाली असेल, तर तेच स्पष्ट शब्दांत सांगा. ‘ताप आहे’ एवढ्याने काम होत नाही.

पहिला महिना

१९. शाळेत नाव घाला. मूल चार वर्षांचं झालं की शाळेत जाऊ शकतं, पाचव्या वर्षापासून जावंच लागतं. वाढदिवस झाला की वर्षाच्या मध्येही प्रवेश होतो. जूनची वाट बघू नका. सरकारी अनुदानावरच्या शाळेला फी नसते. पालकांकडून मागतात ती वर्गणी ऐच्छिक असते.

२०. मूल सहा वर्षांचं किंवा त्याहून मोठं असेल तर नवागतांच्या भाषावर्गाची चौकशी करा. लहानग्यांना बहुधा लागत नाही, ती वर्गात बसूनच डच उचलतात. घरी मात्र मराठीच बोला. तुमची मोडकी डच मुलाला शिकवायला जाऊ नका, त्यासाठी बाई आहेत.

२१. पहिल्याच दिवशी शाळेत डब्याबद्दल विचारा. साधारणपणे दहाच्या सुमाराला फळ आणि दुपारी गार डबा. गरम करायची सोय नसते. शेजारच्या डब्यात पाव, लोणी आणि वर चॉकलेटचे कण असतात, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे घरी आल्यावर हट्ट झाला तरी दचकायला नको.

२२. डबा आदल्या रात्री एकदा गार करून घरीच खाऊन बघा. तूप लावलेली पोळी गार झाली की तुपाचा थर धरते नि तोंडात चिकटते. दशमी किंवा तेलाचा मऊ पराठा चांगला टिकतो. थालीपीठ पातळ थापलंत तर चालतं. इडली चटणीशिवाय द्या, लहान हातांना डबी उघडत नाही. वेळ पंधरा-वीस मिनिटांचीच, म्हणून चार घासांत संपेल एवढंच भरा. दाणे, काजू घालण्याआधी वर्गात कुणाला अ‍ॅलर्जी आहे का ते विचारा.

२३. किराणा दोन ठिकाणी वाटून घ्या. दूध, दही, फळं सुपरमार्केटातून. तिथे कारनेमेल्क नावाने मिळतं ते ताकच, कढीला उत्तम. भेंडी, कारली, लांब चवळीच्या शेंगा सुरिनामी दुकानात. कणीक भारतीय दुकानातूनच आणा. तिथल्या गव्हाच्या भरड पिठाची पोळी कडेने फाटते.

२४. प्रत्येक मुलाला पावसाळी जॅकेट आणि पावसाळी पँट घ्या. छत्री विसरा, वारा ती उलटी करतो. पाऊस आहे म्हणून तिथे कुणी घरी बसत नाही, शाळेतल्या सुट्टीतही मुलं बाहेरच असतात.

२५. मुलांच्या खोलीला जाड पडदे लावा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, आणि ‘अजून रात्र झाली नाही’ या युक्तिवादाला तुमच्याकडे उत्तर नसतं.

२६. जुनी सायकल विकत घ्या. कोरी करकरीत नको, चोरीला जाते. कुलूप मात्र दणकट घ्या, दोन घेतलीत तरी चालतील. पुढे पांढरा, मागे लाल दिवा हवाच.

२७. सायकलला मुलांची खुर्ची बसवा. आठ वर्षांखालच्या मुलाला पाठीला, हातापायांना आधार असलेल्या खुर्चीतच न्यायचं असतं. कॅरिअरवर आडवं बसवणं तिथे विसरा. आणि बाबागाडी घेऊन लाल रंगाच्या सायकलपट्ट्यावर कधी थांबू नका. घंटी वाजेल ती दोनदा, तिसऱ्यांदा शब्द.

तीन महिन्यांच्या आत

२८. क्षयाच्या तपासणीला जा. भारतीय पासपोर्टवाल्यांनी परवाना मिळाल्यापासून ३ महिन्यांत सरकारी आरोग्य केंद्रात, जीजीडीत, ती करायची असते. परवान्याच्या अर्जाबरोबर सही केलेला एक कागद याचाच होता.

२९. चार वर्षांखालच्या मुलाला बालआरोग्य केंद्रात दाखवा. वजन, उंची, उरलेल्या लशी, सगळं तिथे मोफत होतं. तिसऱ्या पायरीतली यादी आता काढा. तिथली वेळापत्रकं आपल्याहून वेगळी असतात, म्हणून एखादी लस पुन्हा देऊ म्हणाले तर आधी यादीवर बोट ठेवा.

३०. बालभत्त्यासाठी एसव्हीबी या सरकारी विमा संस्थेकडे अर्ज करा. दर तिमाहीला पैसे खात्यात येतात. डिजिडी हाताशी असेल तर एका बैठकीचं काम.

३१. पोहण्याच्या वर्गाच्या प्रतीक्षायादीत नाव टाका. गावात जिकडेतिकडे कालवे, बऱ्याचदा कठड्याशिवाय, म्हणून ‘ए’ पदविका मिळवणं तिथल्या मुलांसाठी जवळपास शाळेइतकंच गृहीत असतं. यादी लांब असते. मूल तीन वर्षांचं असलं तरी आत्ताच टाका. तोवर पाण्याकाठी हात सोडू नका.

३२. आजी-आजोबांच्या फोनची वेळ ठरवून टाका. शाळा सुटून खाणं झालं की साडेतीनला लावा. भारतात तेव्हा उन्हाळ्यात संध्याकाळचे सात, हिवाळ्यात आठ. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं बदलतात, ते आजोबांच्या कॅलेंडरवर आधीच खुणावून ठेवा. नाहीतर तासभर फोन हातात धरून बसतात बिचारे.

३३. भारताची तिकिटं शाळेचं सुट्टीपत्रक समोर ठेवूनच काढा. उत्तर, मध्य आणि दक्षिण भागांच्या उन्हाळी सुट्ट्या वेगवेगळ्या तारखांना सुरू होतात. मित्राच्या गावची तारीख तुमची नसते. पाच वर्षांवरच्या मुलाला सुट्टीशिवाय नेलंत तर दंड होतो, आणि ‘तिकीट तेव्हाच स्वस्त होतं’ हे कारण तिथे चालत नाही.

३४. दिवाळीच्या रजेची चिठ्ठी शाळेला द्या. हिंदू मुलांना दिवाळीचा एक आणि होळीचा एक दिवस धार्मिक सण म्हणून मिळतो. किमान दोन दिवस आधी कळवावं लागतं, तेव्हा अभ्यंगस्नानाच्या पहाटे ईमेल करून उपयोग नाही.