हृदय आणि त्याचे आवरण

हृदय कोठे आहे असे विचारले, तर बहुतेकजण छातीच्या डाव्या बाजूवर हात ठेवतात. वस्तुतः ते दोन फुप्फुसांच्या मध्ये, छातीच्या मधल्या हाडामागे असते; त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग तेवढा डावीकडे झुकलेला. आकार ज्याच्या-त्याच्या मुठीएवढा, वजन साधारण ३०० ग्रॅम. वर दोन कर्णिका, खाली दोन जवनिका. उजवी बाजू रक्त फुप्फुसांकडे पाठविते, डावी सर्व देहाकडे. म्हणून डाव्या जवनिकेची भिंत उजवीच्या जवळजवळ तिप्पट जाड. हे शाळेतील मुलेही सांगतील. हृदयाभोवतीच्या आवरणाची मात्र सहसा कोणी चौकशी करीत नाही.

घरातील वडील मंडळी जपाच्या वेळी गोमुखीत हात घालतात, तसे हृदय एका चिवट पिशवीत असते. पिशवीचे तोंड वर, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मुळाशी जोडलेले. तळ श्वासपटलाला चिकटलेला. तिच्या आत आणखी एक तलम पडदा असून तो दुमडून हृदयालाही लपेटतो. अर्धवट फुगलेल्या फुग्यात मूठ दाबावी म्हणजे ही रचना ध्यानात येईल. दोन पदरांमध्ये चार-पाच चमचे, कित्येकदा त्याहूनही कमी, पाणी असते. दिवसाला लाखावर ठोके पडूनही घर्षण होत नाही, ते यामुळे.

हे पाणी वाढले तर? बाहेरील पिशवी चटकन ताणत नाही. घावामुळे तीत एकदम पावशेरभर रक्त साचले तरी हृदयास पसरावयास जागा उरत नाही आणि माणूस दगावू शकतो. तेच पाणी हळूहळू साचले तर लिटरभरही मावते. मग दम लागतो, मानेच्या शिरा फुगतात, पाय सुजतात. आपल्या देशात याचे एक मोठे कारण क्षयरोग होय. औषधे मुदतीपूर्वी सोडणे म्हणूनच घातक. आवरणास सूज आली की छातीत कळ येते. ती आडवे पडल्यास वाढते व पुढे वाकल्यास कमी होते. तथापि छातीतील कळ कसली, हे घरी ठरवू नये. पादऱ्याहून बडोद्याचे सयाजीराव रुग्णालय जवळ आहे.

१८९३ साली शिकागोत डॉ. डॅनियल हेल विल्यम्स यांनी सुरीने भोसकलेल्या एका तरुणाचे हे आवरण शिवले. तो पुढे अनेक वर्षे जगला. १८९६ साली फ्रँकफुर्ट येथे लुडविग रेन यांनी प्रत्यक्ष हृदयासच टाके घातले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातील पहिले हृदयारोपण केले. रोगी मात्र काही तासांतच गेला.

क्षयाने आवरण कडक होऊन हृदयास आवळू लागले, तर शल्यवैद्य ते सोलून काढतात. त्यावाचूनही हृदय चालते.