थकव्यासाठी कॉर्टिसॉल तपासताय? आधी खर्चाचा हिशेब

महिनोन्‌महिने अंगात त्राण नाही, कशात मन लागत नाही, म्हणून अनेकजण थेट लॅब गाठतात आणि ‘स्ट्रेस हार्मोन’ म्हणजे कॉर्टिसॉल तपासून घेतात. रक्तातल्या कॉर्टिसॉलची तपासणी शहरांत साधारण ४०० ते ९०० रुपयांत होते. पण त्यातून थकव्याचं कारण बहुतेक वेळा कळत नाही.

आकडा काय सांगतो?
क्रॉनिक फटीग सिंड्रोममध्ये कॉर्टिसॉल सरासरीने किंचित कमी, तर तीव्र नैराश्यात अनेकदा जास्त आढळतं. मात्र हे फरक गटांच्या सरासरीतले; एकेकट्या रुग्णाचा रिपोर्ट बहुधा ‘नॉर्मल’च येतो. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देऊन कॉर्टिसॉल दबतं का ते पाहणाऱ्या चाचणीवरून नैराश्य ओळखता येईल, ही १९८०च्या दशकातली आशाही फोल ठरली. निदान आजही डॉक्टर रुग्णाशी बोलूनच करतात. ‘ॲड्रिनल फटीग’ हा आजार तर अमेरिकेतली एंडोक्राइन सोसायटी मानतच नाही. त्यावरच्या कॅप्सूलवर पैसे घालवू नका.

आधी या तपासण्या (अंदाजे दर, रुपयांत)
- सीबीसी (रक्तपेशींची मोजणी): २०० ते ४००
- थायरॉइड, टीएसएच: २०० ते ४००
- एचबीए१सी (मधुमेहासाठी): ३०० ते ६००
- बी१२: ५०० ते १,२००

महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. आधी तिथे चौकशी करा.

कॉर्टिसॉल कधी तपासावं?
वजन घटतंय, बीपी कमी, उठताना चक्कर, हिरड्या किंवा तळहातावरच्या रेषा काळवंडल्या, सारखं खारट खावंसं वाटतं, ही ॲडिसनची, म्हणजे कॉर्टिसॉल फार कमी पडण्याच्या आजाराची लक्षणं असू शकतात. चेहरा गोल सुजलेला आणि पोटावर रुंद जांभळे पट्टे असतील, तर कुशिंगची, म्हणजे कॉर्टिसॉल फार वाढण्याच्या आजाराची शंका येते. त्यासाठी रात्री उशिराची लाळ किंवा २४ तासांची लघवी तपासावी लागू शकते. कोणती तपासणी करायची ते डॉक्टरांना ठरवू द्या.

पैसे वाया जाऊ नयेत म्हणून
कॉर्टिसॉल सकाळी सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतं. म्हणून सकाळचा नमुना सांगितला असेल, तर तो आठच्या सुमारास द्या आणि रिपोर्टवर नमुना घेतल्याची वेळ पाहून घ्या. घरी येणारा माणूस साडेअकराला उगवला, तर दुसरा दिवस मागा. स्टेरॉइडच्या गोळ्या, इनहेलर, मलम, गर्भनिरोधक गोळ्या, केसांसाठीचं बायोटिन यांची कल्पना आधीच द्या. सांधेदुखीच्या काही बिननावाच्या पुड्यांतही स्टेरॉइड असतं. मात्र स्टेरॉइड मनाने एकदम बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं.

मनाची तपासणी फुकट
दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटत असेल, तर रिपोर्टची वाट न पाहता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. सेवा २४ तास आहे. जीव नकोसा वाटत असेल, तर एकटं न राहता लगेच जवळचं रुग्णालय गाठा.