सोळा मतांनी उभी राहिलेली बाटली

आडवीला 391, उभीला 58, तरी बाटली उभीच. निकाल ऐकून सरपंच माझ्याकडे वळले, "वहिनी, लोकशाही आहे." मागे दुकानवाल्याची पोरं गुलाल उधळत होती. गुलाल आधीच आणून ठेवलेला, म्हणजे त्यांना गणित ठाऊक होतं. आम्हालाच नव्हतं.

मतपत्रिकेवर आडवी बाटली म्हणजे गावातलं दारूचं दुकान बंद, उभी म्हणजे चालू. राज्य सरकारच्या 2008 च्या आदेशाप्रमाणे 25 टक्के महिला मतदारांनी सह्या दिल्या की गुप्त मतदान घेता येतं. पण दुकान बंद व्हायला निम्म्याहून जास्त मतं लागतात ती यादीतल्या एकूण बायांच्या, आलेल्यांच्या नव्हे. आमच्या यादीत 812 नावं, हवी होती 407. न आलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या खात्यात जमा. लोक म्हणतात बाया हरल्या. आलेल्या दर आठांतल्या सात जणी आमच्या होत्या, हे कुणी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर यादी घेऊन बसले. तिसऱ्याच पानावर सासूबाई. जाऊन तीन वर्षं झाली. जन्मभर दारूच्या नावानं बोटं मोडली त्यांनी, आणि मेल्यावर दारूच्या बाजूनं मोजल्या गेल्या! त्यांच्याखाली कधीच्या सासरी गेलेल्या पोरी. मग ऊसतोडीला गेलेल्या. मुकादमाची उचल नवऱ्यानं याच दुकानात ओतली, आणि मतदानादिवशी बायको फडात मोळ्या बांधत होती. तारीख नेमकी पौषात कशी लागली, त्यावर मी बोलत नाही.

तर, तुमच्या गावात असं मतदान घ्यायचं असेल, तर सह्यांच्या आधी यादी हातात घ्या. मयत आणि सासरी गेलेल्यांसाठी नमुना 7 भरा. टोळ्या दसरा-दिवाळीला हलतात; मतदानाचा अर्ज उन्हाळ्यातच द्या. सह्या 25 टक्क्यांवर थांबवू नका. पडताळणीला साहेब येतात तेव्हा नवरा दारात उभा असतो, आणि बाई खाली बघून म्हणते, "ही सही माझी नाही." आमच्या तीस अशा गळाल्या. कागदावर दोन बाटल्या काढून घरोघर सराव घ्या. एका म्हातारीनं "दोन्ही बंद करा" म्हणून दोन्हींवर शिक्का मारला, मत बाद. एकी ठेवा, ते सगळेच सांगतात. हातभट्टी मुळातच बेकायदा, तिला मतदान लागत नाही. पोलिसांच्या मागं लागावं लागतं, तो निराळा ताप.

परवा सासूबाईंचा नमुना 7 भरला. मृत्यूचा दाखला जोडा म्हणाले. ग्रामपंचायतीत गेले, तर सरपंचांनी खुर्ची पुढं केली, "बसा वहिनी, चहा घ्या."

चहा घेतला नाही. दाखला घेतला.